आवाज थांबला की

ता. ६ जानेवारी

चि. भोंग्यास,
अ. उ. आ.

भोंगा म्हटलं म्हणून रागावू नकोस. नाव आईनं ठेवलंय आणि तू ते आजवर इमानानं चालवलंयस. पाळण्यात होतास तेव्हा गल्ली जागी करायचास, आता क्रेनच्या केबिनमध्ये बसून अख्खी साइट जागी ठेवतोस आणि वर पगारही घेतोस.

तुझे भावोजी सोमवारच्या गाडीनं निघताहेत. त्यांना तिथं चिकटवून घेतलंस, त्याबद्दल भावाचे आभार मानायचे नसतात म्हणून मानत नाही. कापडाचं दुकान बंद पडल्यापासून या घरात मशीन एकटी कमावते आहे. शाळेचे गणवेश शिवून शिवून मला आता झोपेतही निळे चौकडेच दिसतात. तेव्हा नोकरी लागली हे चांगलंच झालं.

पण एक सांगून ठेवते. या माणसानं सगळं आयुष्य गिऱ्हाइकापुढं कापड उलगडण्यात घालवलं. दुकानात नाही हा शब्द बोलायची बंदी होती. लाल रंग संपला असला तरी लाल आहे की, असं म्हणून मरून रंगाच्या ताग्यावर हात फिरवायचा, हीच यांची शाळा. घरीही तेच. भाजी खारट झाली तर हे बोलत नाहीत, नुसतं पाणी जास्त पितात. पाण्याचा तांब्या किती रिकामा झाला त्यावरून मी ओळखते.

आणि ते दुकान बंद झालं तेव्हाचं तुला कधी सांगितलं नव्हतं. रोज सकाळी डबा घेऊन निघायचे, संध्याकाळी यायचे. एक दिवस डबा धुताना झाकणाला गवत चिकटलेलं दिसलं, तेव्हा मला कळलं की दुकान कधीचंच बंद आहे आणि हे बागेत बाकावर बसून डबा खातात. त्या दिवसांत हे घरात चकार शब्द बोलत नव्हते. एरवी नको इतकं गोलगोल बोलणारा माणूस. म्हणून ध्यानात ठेव, हे बोलत असतील तोवर काळजी करू नकोस. गप्प झाले की कर.

यांना नाही म्हणता येत नाही आणि तुला नाहीशिवाय दुसरं काही म्हणता येत नाही. तुमच्या दोघांच्या मध्ये काही टन सिमेंट लोंबकळणार आहे, हे मनात आलं की शिवण उसवावी लागते. माझ्या नवऱ्याच्या डोक्यावर तुझ्या क्रेनचा आकडा असणार. सांभाळून घे, बाबा. तुझ्यावर जीव आहे, तो तसाच राहू दे.

तुझी,
ताई

ता. १९ जानेवारी

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

भावोजी पोचले. खोली दिली, गादी दिली, हेल्मेट दिलं. तब्येत ठीक.

तू उगाच घाबरतेस, म्हणून काम कसं चालतं ते लिहितो. केबिनमधून मला पुढचं सगळं दिसतं, मागचं काहीच नाही. मागे एक जुनी भिंत आहे. ती आणि आमची इमारत यांच्यामध्ये एक बोळ आहे. कारखान्यातून तयार होऊन आलेल्या सिमेंटच्या भिंती त्या बोळात उतरवायच्या. त्या कामापुरता मी आंधळा आणि भावोजी माझे डोळे. त्यांच्याजवळ वॉकीटॉकी असतो. नियम एकच, माल हलतोय तोवर खालच्या माणसानं बोलत राहायचं. खाली, खाली, खाली. आवाज थांबला की माझा हात थांबला. सेट बंद पडू दे, माणसाला चक्कर येऊ दे, आवाज नाही म्हणजे माल जागच्या जागी. सगळ्या साइटवर हाच नियम असतो. तेव्हा यात घाबरण्यासारखं काही नाही.

अडचण वेगळीच आहे. भावोजी म्हणतात की अजून जरासं खाली घेता आलं तर बरं होईल, म्हणजे मला जमण्यासारखं असेल तर, घाई अजिबात नाही. एवढं बोलून होईपर्यंत माल कुठल्या कुठे गेलेला असतो. मला एक शब्द हवा असतो आणि मला निबंध मिळतो. बाकीच्यांनी त्यांना शेठ म्हणायला सुरुवात केली आहे. परवा दोन शब्द सुनावले. आता सुरळीत चाललंय.

बाकी ठीक. लोभ ठेव.

तुझा,
भोंगा

ता. २७ जानेवारी

प्रिय सौ. स,
अनेक आशीर्वाद.

इथं सगळं छान आहे. खोलीला खिडकी आहे. बाहेर ताडपत्री लावल्यामुळे त्यातून काही दिसत नाही, पण वारा अडतो हे चांगलं आहे. जेवण गरम असतं. ऑफिसातल्या फोनवर नीट बोलता येत नाही, मागे रांग असते आणि साहेबही तिथंच बसलेले असतात, म्हणून लिहायला बसलो.

माझी जागा मागच्या बोळात आहे. दोन्ही हात पसरले की दोन्हीकडच्या भिंती लागतात एवढीच रुंदी. ऊन येत नाही त्यामुळे उन्हाचा त्रास नाही. वरून भिंत खाली येऊ लागली की आकाशाची पट्टी बारीक होत होत बंद होते. बघायला छान वाटतं. म्हणजे वेगळं वाटतं. पहिले काही दिवस मी वर बघून नमस्कार करायचो, आता सवय झाली आहे.

तुझा भाऊ कामाला वाघ आहे. वरून एवढी मोठी भिंत तो काडेपेटी ठेवावी तशी ठेवतो. त्याला माझ्या बोलण्याचा थोडा त्रास होत होता. त्याचंही बरोबर आहे, त्याला वर एकट्याला किती गोष्टी बघायच्या असतात. मग त्यानं सगळं सोपं करून टाकलं. इतकं बोलायची गरज नाही, काही बिघडलं तरच बोलायचं, एरवी गप्प म्हणजे सगळं बरोबर आहे असं धरून तो माल सोडत जाईल. चॅनलवर सगळेच ऐकत होते त्यामुळे सगळ्यांना एकदमच कळलं, मला वेगळं कुणाला सांगावं लागलं नाही. आणि एक आहे, तोंड बंद ठेवा हेसुद्धा तो मला भावोजी लावूनच म्हणाला. संस्कार आहेत.

आता बोळात अगदी शांतता असते. साखळीचा आवाज तेवढा येतो.

तू माझी काळजी करू नकोस. मशीनवर वाकून बसतेस, मान धरेल. तुझी आठवण येते, पण ती असू दे. तीच सोबत आहे.

तुझाच

ता. ३ फेब्रुवारी

चि. भोंग्यास,
अ. उ. आ. देते, पण हात जोरानं टेबलावर आपटून देते आहे असं समज.

दोन शब्द सुनावले, असं लिहिलं होतंस. ते दोन शब्द काय होते, ते मला यांच्या पत्रातून कळलं. आणि हेही कळलं की तू माझ्या नवऱ्याला गप्प केलंस.

मी काही इंजिनिअर नाही. पण तूच लिहिलेलं पत्र समोर ठेवून वाचते आहे. आवाज थांबला की हात थांबला, हे तुझेच शब्द. आणि आता तू सांगितलंस की आवाज नसेल तर सगळं बरोबर. अरे, मग सेट बंद पडला तर तुला कसं कळणार? यांना चक्कर आली तर? यांचा पाय अडकला तर? तू लिहिलं होतंस की भिण्यासारखं काही नाही, कारण तो नियम आहे. तो नियम तूच मोडलास, मग आता मी कशाच्या भरवशावर झोपू? चोराच्या हातात किल्ल्या नाही दिल्यास, तू सरळ कुलूपच काढून टाकलंस.

आणि तेही कुणाच्या बाबतीत? काही बिघडलं तरच बोला, असं तू अशा माणसाला सांगितलंस ज्याच्या तोंडून बिघडलं हा शब्द निघत नाही! मी तुला पहिल्याच पत्रात डब्याची गोष्ट लिहिली होती, ती काय गंमत म्हणून? दुकान बुडालं तेव्हा हा माणूस मला काही बोलला नाही. तुला काय सांगणार आहे?

तुमच्या दोघांचंही मला कळतं रे. तू आपल्या बाबांसारखा, एक घाव दोन तुकडे. बाबांसमोर घरात कुणी वाईट बातमी सांगायचं नाही, आठवतं ना? ते मारायचे नाहीत, पण त्यांच्या आवाजानंच आपण कपाटाआड जायचो. माणूस ओरडायला लागला की समोरचा खरं बोलायचं थांबतो. आणि ओरडणाऱ्याला वाटतं, चला, तक्रारी संपल्या.

मला भीती वाटते. हे लिहायला मला लाज नाही. तू वर जाऊन पहिलं काम हे कर, जुना नियम परत आण. लांबण लावतात तर लावू देत. ऐक माझं.

ताई

ता. १० फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
सा. न.

तुझं पत्र वाचलं. तुला इथलं काही माहीत नाही. आता काम दुप्पट वेगानं होतंय, साहेब खूश आहेत. इतके दिवस काही झालेलं नाही. भावोजींची स्वतःची काही तक्रार नाही, विचारलं तर छान म्हणाले.

घाबरू नकोस. गणवेश शिव.

भोंगा

ता. १४ फेब्रुवारी

प्रिय सौ. स,
अनेक आशीर्वाद.

सगळं छान आहे. खरंच छान आहे.

एक गंमत लिहितो. परवा वारा जरा जास्त होता. भिंत खाली येत असताना एकदम गिरकी घेऊन माझ्या बाजूला वळली. मी सेट तोंडाशी धरला आणि म्हणायला लागलो की हरकत नसेल तर मला असं वाटतंय की, आणि तेवढ्यात ती डोक्यावरून निघूनही गेली! वाक्य माझ्या तोंडातच राहिलं. मग भिंत आपोआप सरळ झाली आणि जागेवर बसली. तुझ्या भावाला मुद्दाम सांगितलं नाही, काम अडलं नव्हतं आणि त्या दिवशी तो चिडलेला होता. आम्हा सगळ्यांना हसू आलं. म्हणजे माल बांधणारे दोघं हसले, मी थोड्या वेळानं हसलो.

हेल्मेटचा पिवळा रंग एका बाजूनं थोडा गेला आहे. हेल्मेट चांगलं आहे, बदलून मागण्याची गरज नाही.

पहाटे लवकर जाग येते. थंडीमुळे असेल.

पुढच्या आठवड्यात सगळ्यात मोठ्या भिंती उतरवायच्या आहेत. त्यानंतर काम हलकं होईल असं म्हणतात.

तू जेवत जा वेळेवर. तुझं मन माझ्यापाशी असतं, हे मला इथं कळतं.

तुझाच

ता. १९ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप,
सा. न. वि. वि.

अहो, तुमचं पत्र एका हातात आहे आणि दुसऱ्यानं हे लिहिते आहे.

छान दोनदा लिहिलंत. एकदा लिहिलं असतंत तर मी विश्वास ठेवला असता. हेल्मेटचा रंग काय वाऱ्यानं गेला? ती भिंत तुमच्या डोक्याला घासून गेली, असं सरळ लिहा ना. मी तुमची बायको आहे, गिऱ्हाईक नाही. मला मरून रंग दाखवू नका.

तुम्ही हरकत नसेल तर म्हणत होतात तेवढ्या वेळात माझं कपाळ पांढरं झालं असतं. लिहिताना अंगावर काटा येतो पण लिहिते, कारण तुम्ही लिहिणार नाही.

थांब म्हणायला शिका. एकच शब्द. तो माझा भाऊ आहे, तुमच्याहून लहान आहे, त्याच्या अंगावर ओरडलात तर आभाळ कोसळणार नाही. न ओरडलात तर मात्र खरंच कोसळेल आणि ते सिमेंटचं असेल. भाऊ रागावेल, साहेब रागावेल, सगळ्या साइटला वाईट वाटेल, वाटू दे. मेलेल्या माणसाच्या सभ्यपणाचं मी काय लोणचं घालू?

आणि ते काम तुम्हाला नको असेल तर सोडून या. दोन वेळचं मी शिवीन. पण मी या म्हटलं म्हणून येऊ नका. तुम्हाला नको आहे, असं तुम्ही म्हणा.

माझी एक अट आहे. उलट टपाली मला एक नाही लिहून पाठवा. कशालाही नाही म्हणा. मला म्हणा, माझ्या स्वयंपाकाला म्हणा, काहीही. पण गोल गोल न फिरता, सरळ. तुमच्या हातचा तो शब्द बघितल्याशिवाय मला अन्न गोड लागणार नाही.

वाट बघते आहे. तुमच्या जिवावर माझा जीव आहे, एवढं लक्षात असू द्या.

तुमचीच

ता. ३ मार्च

चि. भोंग्यास आणि यांना, दोघांना मिळून एकच पत्र,

कुणाचंही पत्र नाही. मोठ्या भिंतींचा आठवडा होऊन गेला. ऑफिसात फोन केला. कुणीतरी उचलला, दोघं साइटवर नाहीत म्हणाला आणि कुठे आहेत विचारायच्या आत ठेवून दिला. परत केला तर कुणी उचलतच नाही.

शेजारणीचं म्हणणं असं की काही वाईट असतं तर कळवलं असतं, निरोप नाही म्हणजे सगळं नीट आहे. ती समजूत घालते आहे, तिचा काय दोष? पण मला तेच वाक्य ऐकवत नाही. गप्प म्हणजे बरोबर, हे मी कुठल्या तोंडून आधी ऐकलंय ते मला माहीत आहे.

मी तुमच्या जुन्या नियमानं चालले आहे. आवाज नाही म्हणून मी थांबले आहे. मशीन बंद आहे. गणवेश तसेच पडलेत. दाराशी पोस्टमनची सायकल वाजली की आधी उठते आणि मग दार उघडवत नाही, पुन्हा बसते.

काहीही असो. लिहा. वाईट असेल तर वाईट लिहा.

ताई

ता. १ मार्च

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

भावोजी जिवंत आहेत. हे पहिल्यांदा लिहितो, कारण तू पाकीट उघडून पहिल्या ओळीवरच थांबशील. जिवंत आहेत, शुद्धीवर आहेत, घोट्याचं हाड मोडलंय, छातीला मुका मार आहे. मी त्यांच्या खाटेशेजारी बसून लिहितो आहे. आता सगळं वाच.

तू मला गणवेश शिव असं लिहायला लावलंस तेव्हा मला वाटलं होतं की मी फार शहाणा. नाही, तू नाही लिहायला लावलंस. मीच लिहिलं. बघ, अजून मी दुसऱ्याच्या माथी मारतोय.

सगळ्यात मोठी भिंत होती. मी सोडत होतो. सेटमधून काही आवाज नाही, म्हणजे ठीक, असं माझं चाललं होतं. मग भावोजींचा आवाज आला. माफ करा, एवढंच म्हणाले. पुढं काही नाही. ते दिवसातून पन्नास वेळा माफ करा म्हणतात, शिंक आली तरी म्हणतात. मी हात काढला नाही. भिंत खाली जात होती.

आणि ताई, मला गवत आठवलं. डब्याच्या झाकणाला चिकटलेलं गवत. का आठवलं ते देवाला ठाऊक. तू लिहिलं होतंस की हा माणूस गप्प झाला की काळजी कर. मी हात काढून घेतला.

भिंत लटकत राहिली. मी सेटवर ओरडलो, बोला भावोजी, बोला. काही नाही. पुढच्या बाजूनं मुकादम ओरडायला लागला की का थांबलास, वारा वाढतोय, टेकव लवकर. मला खाली दिसत नाही. मला वाटत होतं की आता मी हात लावला तर एकतर काम होईल किंवा ताईचा नवरा जाईल, आणि कुठलं ते मला माहीत नाही. तू लिहिलं होतंस ना, मला भीती वाटते. मला आजवर ते कळलं नव्हतं. मी लहानपणापासून इतका ओरडत आलो की भ्यायला वेळच मिळाला नाही. तिथं वर काचेच्या डब्यात मी दोन्ही हात मांडीखाली घालून बसलो, चुकून लिव्हरला लागतील म्हणून. आणि रडलो. मुकादम शिव्या घालत होता आणि मी रडत होतो.

मग माल बांधणाऱ्यांपैकी एक जण पलीकडून चढून बोळात उतरला आणि त्यानं सेट उचलला. वर घ्या, वर घ्या, वर घ्या, असं तो ओरडत राहिला. मी वर घेतलं.

नंतर कळलं. भिंत टेकवण्यासाठी खाली लाकडाचे ओंडके टाकलेले असतात, त्यांत भावोजींचा पाय अडकला होता. सेट हातातून सुटून पडला होता. वाऱ्यानं वळलेल्या भिंतीची कड त्यांच्या छातीला टेकून शर्टाचं बटण तुटेपर्यंत आली होती. मागे जुनी भिंत. अजून थोडं सोडलं असतं तर, मला ते लिहिता येत नाही.

भावोजींना मी विचारलं की थांब का नाही म्हणालात. ते म्हणाले की सेट सुटायच्या आधी एकाच शब्दापुरता वेळ होता, आणि तोंडातून जो निघायची सवय होती तोच निघाला. आणि मग मलाच धीर देत बसले की माझी काही चूक नाही.

साहेबांना मी सांगितलं की नियम मी मोडला. त्यांनी केबिन काढून घेतली आहे. मी मागूनच घेतलं की मला खाली बोळात उभं करा. दुसरा माणूस वर, मी खाली. उद्यापासून.

हे पत्र कुणाच्या हातानं तरी लवकर पोचवता आलं असतं, पण मला लिहायलाच जमत नव्हतं. फोनवर तुझा आवाज ऐकायची हिंमत नव्हती. ओरड, हवं तेवढं ओरड. पण माया आटू देऊ नकोस.

तुझा,
भोंगा

ता. ४ मार्च

प्रिय सौ. स,

नाही.

मला हे काम करायचं नाही. मला भीती वाटते. पहिल्या दिवसापासून वाटत होती. घरी येतो आहे.

तू विणलेला राखाडी स्वेटर मला टोचतो.

तुझाच

ता. २२ मार्च

चि. भोंग्यास,
अनेक अनेक आशीर्वाद.

हे सुखरूप पोचले. पायाला प्लास्टर आहे, मशीनच्या शेजारी खुर्ची टाकून बसतात आणि बटणं लावून देतात. तुझं ते लांबलचक पत्र आणि माझं तुम्हा दोघांना लिहिलेलं पत्र वाटेत एकमेकांना चुकवून गेली असणार. तुझं मिळालं त्या दिवशी मी पहिल्या ओळीवर थांबले, तू म्हणालास तशीच. किती वेळ थांबले ते सांगत नाही.

तुला ओरडणार होते. बरंच साठवून ठेवलं होतं. पण तू हात मांडीखाली घालून बसलास ते वाचलं आणि मला माझा भाऊ दिसला, कपाटाआड माझ्याजवळ बसायचा तो. ओरडणं राहून गेलं.

यांनी नाही म्हणायला शिकून घेतलंय ते मला फारच महागात पडतं आहे. स्वेटर नको, दुधी नको, शेजारणीचा रेडिओ नको. परवा म्हणाले की मी घोरते आणि ते त्यांना आवडत नाही. इतकी वर्षं गुपचूप ऐकत होते! मी दोन दिवस रुसले. पण रुसताना आतून मला फार बरं वाटत होतं, ते यांना सांगितलेलं नाही.

तरीही भीती गेलेली नाही. बटण लावता लावता हे मध्येच गप्प होतात, कुठेतरी वर बघत राहतात. मग माझा पाय मशीनच्या पायडलवर आपोआप थांबतो. सुई कापडात तशीच उभी. हे परत काहीतरी बोलले, दोरा संपला एवढं जरी बोलले, तरच मशीन पुढं चालते. असा संसार चालू आहे.

आणि आता तू त्या बोळात आहेस. मला कुणी विचारलं नाही, दोघांनी आपापसात जागा बदलून घेतलीत. आधी नवरा खाली आणि भाऊ वर, आता नवरा घरी आणि भाऊ खाली. माझ्या नशिबात कुणीतरी खाली असायचंच. तू लिहिलंस की मागून घेतलंस. का ते मला कळलं, म्हणून परत ये असं म्हणत नाही. पण तुझ्या डोक्यावरची आकाशाची पट्टी रोज या वेळी बंद होत असेल, हे मला इथं बसून दिसतं.

यांचा तुला निरोप आहे. त्यांनी सांगितला तसाच लिहिते. सतत काय बोलत राहायचं, असं होत असेल तर लाजू नकोस. खाली खाली म्हणून तोंड दुखलं तर दुकानातल्यासारखं घ्या, घ्या, घ्या, बघा, हात लावून बघा, घ्या, असं बोलत राहायचं. एकदा सुरू झालं की गिऱ्हाईक जाईपर्यंत त्याला खंड पडत नाही, असा त्यांचा अनुभव आहे. आणि थांब म्हणायची वेळ आली तर आधी माफी मागायची नाही. हे शेवटचं त्यांनी दोनदा लिहायला सांगितलं. माफी मागायची नाही.

माझं मात्र एवढंच मागणं आहे. मोठं पत्र लिही, लहान लिही, वेडंवाकडं लिही, शिव्या लिही, पण दर आठवड्याला लिही. तुझ्यावरची माया आटायची नाही, त्याची काळजी सोड. तू फक्त बोलत राहा रे. माल जमिनीला टेकेपर्यंत गप्प बसू नकोस.

तुझी,
ताई